अर्धा पडलेला हात

धुण्याची बादली घेऊन रूपा न्हाणीकडे वळली आणि तिथेच थबकली. नालीजवळ कोणी परका माणूस गुडघे टेकून बसला होता. कानावर पेन्सिल, हातात टेप. नालीवर टाकलेल्या लोखंडी पट्टीचं माप घेण्यात तो इतका गुंग, की बादलीच्या कडीचा आवाजही त्याला ऐकू गेला नाही.

"आमच्या नालीत असं काय सापडलं तुमाले?"

तो दचकून उठला, घसरला आणि थेट साबणाच्या पाण्यात बसला. रूपानं हसू दाबलं... पण दबतंय कुठलं!

"नाली नाई," तो कसाबसा म्हणाला, "हा सिग्नलचा हात हाय. लहान लाईनचा. अख्ख्या जिल्ह्यात मले असा एकबी भेटला नाई."

त्याचं नाव प्रसेनजित. रिसोडात मोटार वायंडिंगचं दुकान. जळालेल्या पंपांच्या मोटारींत नवी तार भरून द्यायची आणि उरलेल्या वेळात जुन्या रेल्वे सिग्नलच्या लहान प्रतिकृती करायच्या, हा त्याचा छंद. खेळणी नव्हेत हं, बोल्टन् बोल्ट मापात. लहान लाईनची मोठी, म्हणजे ब्रॉडगेज, झाली तेव्हा खरे सिग्नल भंगारात गेले, म्हणून बिचारा फोटोंवर भागवत होता. फाट्यावरच्या चहावाल्यानं त्याला उकंडरावांचं घर दाखवलं. उकंडराव म्हणजे रूपाचे वडील, लहान लाईनवर सांधे-सिग्नल सांभाळणारे पॉइंटमन. रिटायर होताना भंगारातून एक हात आठवण म्हणून घेऊन आले होते. त्या आठवणीवर पाय ठेवून घरातली सगळी आंघोळीला जायची.

पुढच्या रविवारी तो वीतभर उंचीचा सिग्नल घेऊन आला. पांढरा खांब, लाल हात, त्यावर पांढरा पट्टा, काडीपेक्षा बारीक शिडी. त्यानं ऐटीत खटका दाबला आणि हात वर गेला.

"वर कायले चालला?" रूपा शिलाई मशीनवरून उठून आली. "आमचा हात खाली पडे. हात पडला का गाडी आली, असंच म्हणत सारे."

फोटोतला सिग्नल दुसऱ्या मुलखातला निघाला. त्याचं तोंड एवढंस्सं झालं. तिथंच ओट्यावर त्यानं सगळं खोललं, आणि ती स्क्रू हातात देत बसली. बोटाला बोट लागलं... दोघांनीही लागलंच नाही असं दाखवलं.

मग प्रत्येक रविवारी काही ना काही अडायचंच त्याचं. रूपाही आठवून आठवून सांगायची. उन्हानं तार ढिली पडायची, म्हणून बाबा रोज दुपारी पेच द्यायचे, तार ताणून घ्यायचे. आणि अर्धा पडलेला हात म्हणजे थांबा. ड्रायव्हर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारी, पण गाडी पुढे काढत नसे. प्रसेनजितनं ते वहीत लिहून घेतलं.

"लिवून कायले ठेवता?"

"तुमी सांगतलेलं विसरू नाई म्हणून."

नसतं लिहिलं तर बरं झालं असतं, असं आज तिला वाटतं. पण तेव्हा रूपाचा जीव त्या वहीतच अडकला होता.

एप्रिलात कारंज्याचं स्थळ आलं. मुलगा शाळेत क्लार्क, माणसं चांगली. उकंडरावांनी निर्णय लेकीवर सोडला. त्याच आठवड्यात प्रसेनजितनं कमरेएवढा सिग्नल आणून ओट्याच्या टोकाला बसवला, मासे धरायच्या गळाची तंगूस तारेसारखी खिडकीपर्यंत ओढली आणि रूपाच्या मशीनजवळ खटका लावला. पेचही होता, अगदी खऱ्यासारखा. सगळं झाल्यावर तो जाईना. उगाच पान्हा पुसत राहिला.

"गुरुवारी अकराच्या एस्टीनं मी वाशिमले जातो, तांब्याची तार आणाले," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "इथं तुमच्या घरासमोरच बस थांबते. तुमच्या मनात असन तर... हात पाडून ठेवा. मी उतरतो, बाबाले विचारतो. नाई तर तसाच जातो, अन् मंग तुमाले कदी तरास देत नाई."

"फोनवर सांगतलं तर?"

"फोनवर तुमी माहं मन राखाले हो म्हणसान."

गुरुवारी ऊन नुसतं भाजून काढत होतं. रूपानं निळी साडी नेसली, दहा वाजल्यापासून मशीनवर बसली, आणि एक टाका धड घातला नाही. बसचा आवाज आला तसा तिनं खटका पार शेवटपर्यंत ओढला. ओट्याच्या खांबाआड सिग्नल तिला खिडकीतून दिसत नव्हता. तो मात्र दिसला. बसच्या दाराशी, पिशवी खांद्याला. त्यानं हाताकडे पाहिलं. पाहतच राहिला. मग नजर खाली गेली. एक म्हातारी उतरली, कंडक्टरनं घंटी दिली, बस निघाली.

तिनं खटका सोडून दिला. हात पडलेला पाहून माणूस उतरत नाही, म्हणजे काय समजायचं? तिनं स्वतःहून हो म्हटलं, आणि तो चक्क निघून गेला. लाजेनं, संतापानं तिला रडूही येईना. चार दिवस तिनं फोनची वाट पाहिली. फोन आला नाही. पाचव्या दिवशी तिनं बाबांना सांगितलं, कारंज्याला हो कळवा, करा साक्षगंध.

साक्षगंध झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी उकंडरावांनी सहज खटका ओढला, बाहेर जाऊन पाहिलं आणि ओट्यावरूनच हाक मारली.

"रूपा, याले पेच देत नाई का तू? हे पाय, हात अर्धाच पडला."

ती बाहेर आली. उन्हानं तंगूस सैल पडली होती, आणि हात मध्येच लोंबत होता. पॉइंटमनची पोरगी ती... आणि त्या दिवशी साडी नेसायची आठवण राहिली, पेच द्यायची नाही.

तिनं प्रसेनजितला फोन लावला.

"मी पुरा ओढला होता," ती म्हणाली. "त्या दिवशी. पुरा."

पलीकडे वायंडिंगचं यंत्र बंद झालं.

"मले अर्धा दिसला," तो म्हणाला. "पाय खाली टाकलाच होता मी. पण अर्ध्या हातावर..."

"म्होरं जात नसते. मीच सांगतलं होतं."

"साक्षगंध झालं म्हणे?"

"काल."

मोडून ये, असं त्यानं म्हणावं म्हणून ती थांबली. मोडते, असं ती म्हणेल म्हणून तो थांबला. पुढे कोणीच जाईना.

"दुपारचा पेच देत जा," शेवटी तो म्हणाला. "नाई तर खराब होईन तो."

फोन ठेवला गेला.

पुढच्या गुरुवारी रूपानं पेच दिला, खटका ओढला आणि बाहेर येऊन पाहिलं. हात पुरता पडला होता. अकराची बस आली, थांबली. तिनं प्रत्येक खिडकी पाहिली, तो कुठेच नव्हता. कंडक्टरनं विचारलं, यायचं आहे का. ती नाही म्हणाली.