कापशीचा गळा शाबूत होता

"तिखटाचा डबा इकडे दे, आणि पोरांना घरी हाकल," मेंढपाळ मामा मदतीला आलेल्या खाटकाला म्हणाला.

माळावरच्या बिळाच्या तोंडाशी वाळकं गवत रचलं होतं. आत लांडगीची पिल्लं होती. त्यांना तिखटाच्या धुरानं गुदमरवायचं आणि आई धावून आली की कुऱ्हाड घालायची, असा बेत होता. आठवड्यात सात मेंढ्या गेल्या होत्या. सातवी कापशी. सुट्टीला आलेल्या टिकलीनं तिला बाटलीनं दूध पाजलं होतं.

रडून रडून टिकलीचे डोळे सुजले होते. पण मामेभाऊ ढब्बूबरोबर कापशीला मेलेल्या मेंढ्यांच्या उघड्या खड्ड्यात टाकताना तिनं नीट पाहिलं होतं.

"मामा, लांडगा गळा धरतो, असं तूच सांगितलंस ना? कापशीचा गळा शाबूत होता. मांड्या फाडल्या होत्या आणि मांस तसंच टाकलं होतं. घरात पिल्लं उपाशी असताना कोणती आई असं करेल?"

"मला अक्कल शिकवू नकोस," म्हणत मामानं काडी ओढली.

टिकली सरळ बिळाच्या तोंडाशी जाऊन बसली. खाटकानं दंड धरून तिला फरफटत बाजूला काढलं. तिचं कोपर सोलवटून निघालं.

"बाबा, कळप!" ढब्बू किंचाळला.

सगळे शूरवीर बिळापाशी जमलेले, मग कळप राखायला होतं कोण? पाच मोकाट कुत्री मेंढ्यांवर तुटून पडली होती. मामानं धावत जाऊन एकाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. ते कोसळलं, पण दुसऱ्यानं मामाचा हात चावून धरला आणि तो खाली पडला. रक्ताची धार लागली. धावताना टिकलीनं तिखटाचा डबा उचलला होता. तिनं मूठभर तिखट कुत्र्याच्या डोळ्यांत फेकलं, मग दुसऱ्याच्या. केकाटत सगळी पळाली, ती थेट मेलेल्या मेंढ्यांच्या खड्ड्याकडे.

पडलेल्या कुत्र्याच्या दातांत लोकर अडकली होती.

"पुरायचा कंटाळा म्हणून वर्षानुवर्षं उघड्यावर टाकतोय," मामा हात दाबत पुटपुटला. "मीच यांना चटक लावली."

दवाखान्यात टाके पडले, इंजेक्शनं झाली. परत आल्यावर मामा खाटकासमोर म्हणाला, "या पोरीनं अडवलं नसतं, तर माझ्या चुकीपायी दुसऱ्याची लेकरं मेली असती."

दुसऱ्या दिवशी सगळे खड्डा बुजवायला गेले. मामानं फावडं टिकलीच्या हातात दिलं. पहिली माती तिनं कापशीवर टाकली.