साठ सेंटिमीटर

जूनच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता गावच्या बाजारमंडपाखालून सायकलींची किल्ल्यांची फेरी निघते. एकशे अठरा किलोमीटर आणि चार नाके. पहिला पडक्या किल्ल्यापाशी, दुसरा चर्चमागच्या दगडी कबुतरखान्यापाशी, तिसरा पठारावर, आदिमानवांनी रचलेल्या शिळांपाशी, आणि चौथा सेले नदीवरच्या भिक्षूंच्या पुलावर. प्रत्येक नाक्यावर एक टेबल, एक वही, एक शिक्का आणि सायकल क्लबातलं कुणीतरी. वहीत सही करायची, वेळ लिहायची, कार्डावर शिक्का घ्यायचा आणि पुढे निघायचं. ही शर्यत नाही, असं क्लबातले दरवर्षी सांगतात. एदमे लाकाझ दरवर्षी ते ऐकून घेते आणि जोरात निघते.

एदमे एकोणसाठ वर्षांची. चौतीस वर्षं तिनं भूमापन खात्यात काढली. दक्षिण फ्रान्समधल्या या केर्सीच्या पठारावरचं एकेक कुरण, द्राक्षमळा, मेंढवाडा तिनं फीत लावून मोजला होता. कुणाचं कुंपण वीतभर सरकलं तरी तिच्या लक्षात यायचं, आणि लक्षात आलं की ती गप्प बसायची नाही. फेरीला ती पिवळी जर्सी घालायची. तिच्या भावाच्या, फिरमँच्या सायकल दुकानाची. दुकान बंद झालं, बाकीच्या जर्स्या कुठे कुठे गेल्या. ही एकच उरली होती. उजव्या कोपराशी फाटली तेव्हा तिनं ती राखाडी दोऱ्यानं स्वतः शिवली होती.

फिरमँ नऊ वर्षांपूर्वी गेला. भिक्षूंच्या पुलाच्या वळणावर, सकाळी नऊ वाजता, रेन कासान्यच्या पावाच्या गाडीखाली.

रेन आणि एदमे शाळेत एका बाकावर बसायच्या. रेननं पोलिसांना सांगितलं, "तो वळणावर माझ्या बाजूला आला." पोलिसांनी लिहून घेतलं आणि प्रकरण मिटलं. तिसऱ्या दिवशी एदमे फीत घेऊन पुलावर गेली. टायरच्या खुणा अजून होत्या. तिनं त्या चार वेळा मोजल्या, नकाशा काढला. गाडी रस्त्याची मधली रेघ ओलांडून साठ सेंटिमीटर पलीकडे, फिरमँच्या बाजूला गेली होती. नकाशा घेऊन ती ठाण्यात गेली, तर तिथला अधिकारी म्हणाला, "बाई, घरी जा. थोडं झोपा."

तेव्हापासून ती रेनशी एक शब्द बोलली नव्हती. आणि रेन? ती दरवर्षी क्लबाकडे पुलावरचंच टेबल मागून घ्यायची. एदमेच्या मते निर्लज्जपणाला काही सीमा असते. ती पुलावर पोचायची, मान वर न करता सही करायची, पेन इतकं दाबून की खालच्या पानावर उमटावं, आणि निघून जायची.

या वर्षी हवा छान होती. ओकच्या झाडीतून धुकं उठत होतं. आठ वाजून एकतीस मिनिटांनी एदमे किल्ल्याच्या नाक्यावर पोचली. टेबलामागे म्हातारा ओग्युस्त देल्पेश बसला होता.

"काय गं, काही विसरलीस?"

"काय विसरणार? वही द्या."

"किती वेळा सही करणार? मघाशीच केलीस की." त्यानं बोट ठेवलं. *एदमे लाकाझ, ८.१२.*

सही तिचीच होती. 'ल'चा फाटा तसाच लांब, आणि वेळेखाली रेघ. भूमापनातली जुनी सवय.

"कुणी केलं हे?"

"तू! पिवळी जर्सी, तेच ते राखाडी दोऱ्यानं शिवलेलं कोपर. उलट मी म्हटलं, आज स्वारी खुशीत दिसतेय. माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस."

"मी कधी तुमच्या गुडघ्याची चौकशी केलीय?"

"हेच माझ्या मनात आलं," ओग्युस्त म्हणाला.

एदमेनं ती ओळ खोडली. खाली सही केली, ८.३१ लिहिलं आणि निघाली. कुणीतरी टवाळी करत होतं. क्लबातल्या कुणाला तरी एवढी अक्कल सुचली होती की तिची सही गिरवावी, तिची जर्सी शिवावी. आणि तीही फिरमँच्या दुकानाची जर्सी! तिनं गिअर जड केला.

कबुतरखान्यापाशी सिमोन बोनफू अक्रोडाचा केक कापत होती. बाई मोठी बोलघेवडी.

"आणखी हवा? दोन तुकडे खाऊनसुद्धा पोट नाही भरलं होय?"

वहीत *९.२६* होतं. एदमेच्या घड्याळात नऊ सदतीस.

"सिमोन, नीट आठवून सांग. तिचा चेहरा पाहिलास?"

"कुणाचा? तुझा?" सिमोन हसली, पण मग तिचा चाकू केकवर तसाच थांबला. "तू इतकं हसलीस गं. मी घरी जाऊन सांगणार होते, एदमे हसली म्हणून."

"तू मला ओळखतेस किती वर्षं?"

"पंचवीस असतील."

"पंचवीस वर्षांत मी तुझा केक खाल्लाय कधी?"

सिमोननं शिक्का मारला आणि कार्ड परत देताना एदमेच्या हाताला हात लागणार नाही असं, कडेला धरून दिलं.

चढ लागला. दोन्ही बाजूंना रचलेल्या दगडांची कुंपणं, मधे वाळलेलं गवत. एदमे अशी कधी चढली नव्हती. श्वास शिटीसारखा वाजत होता. एका मेंढपाळानं तिला पाहून टोपी काढली, मग रस्त्याच्या पुढच्या टोकाकडे पाहिलं, मग परत तिच्याकडे, आणि टोपी घातली.

शिळांच्या नाक्यावर कुणी बसलं नव्हतं. नाक्यावरचा माणूस झाडीत गेला असावा. टेबलावर वही उघडी होती. तिची सही, *१०.४८*. आता दहा वाजून बावन्न मिनिटं झाली होती. एदमेनं सहीवर अंगठा फिरवला. शाई पुसटली. ओली होती.

इतका वेळ तिला त्या बाईला पकडायचं होतं, जर्सी खेचून तोंड पाहायचं होतं. आता तिच्या ध्यानात आलं, की पुढचा नाका पुलावर आहे.

ती बाई रेनपाशी जाणार. रेनशी बोलणार.

एदमेनं शिक्कासुद्धा घेतला नाही.

पठारावरून नदीकडे सात किलोमीटरचा उतार आहे, कड्याला धरून. तिसऱ्या वळणावर तिला खाली पिवळी पाठ दिसली. दोनशे मीटर असेल, जास्त नाही. ती मोजण्यात चुकत नसे. बाई हँडलवर सैल हात टाकून, घाई नसल्यासारखी चालली होती.

"ए! थांब!"

पाठ वळली नाही. एदमेनं ब्रेक सोडून दिले. वारा कानांत भरला. दीडशे. शंभर. पुलाच्या आधीच्या वळणावर खडकाच्या आड पिवळा रंग गेला. त्यामागे चार श्वासांवर एदमे तिथे पोचली.

तीन कमानींचा पूल रिकामा होता. पलीकडचा रस्ता अर्धा किलोमीटर सरळ दिसत होता. तोही रिकामा.

रेन टेबलामागे नव्हती. कठड्याला टेकून उभी होती. चेहरा ओला.

"अजून काय राहिलं, एदमे?"

नऊ वर्षांत पहिल्यांदा एदमेनं तिच्याकडे नीट पाहिलं. रेनचे केस पांढरे झाले होते.

"इथं आत्ता कोण आलं होतं?"

"असं काय करतेस?"

"कोण आलं होतं?"

"तू. सायकल इथं टेकवलीस. म्हणालीस, रेन, साठ सेंटिमीटर. एवढंच म्हणालीस." रेननं नाक पुसलं. "आणि मी हो म्हटलं. मग सगळं सांगून टाकलं. गाडी कशी गेली, का गेली, त्यानं शेवटी काय म्हटलं..."

"शेवटी? तो बोलला होता?"

"सांगितलं ना तुला."

"मला नाही सांगितलंस! आणि चार श्वासांत एवढं सगळं कसं सांगून झालं? मला सांग. आत्ता. इथं."

"एदमे, माझ्यानं नाही होणार पुन्हा. एकदा सांगतानाच जीव गेला. तू माझा चेहरा दोन्ही हातांत धरलास, म्हणालीस, झालं आता, रेन. मिटलं."

"मी नाही म्हणाले. मी कधीच म्हटलं नसतं!"

एदमेचा आवाज पुलाच्या कमानींतून फिरून परत आला.

"नऊ वर्षं मी ते एक 'हो' ऐकायला दरवर्षी हा डोंगर उतरतेय. ठाण्यातून हाकलली गेले. लोकांनी वेडी म्हटलं. आणि तू ते तिला दिलंस? ती कोण लागते फिरमँची? माफ करायचं की नाही हे मी ठरवणार होते. मी! तिला कुणी अधिकार दिला?"

रेन एक पाऊल मागे सरली. तिच्या डोळ्यांतलं पाणी थांबलं होतं. ती एदमेच्या चेहऱ्याकडे बघत होती, एखादा शब्द जिभेवर असून आठवू नये तशी.

"तुम्ही अशा ओरडताय का?" ती हळूच म्हणाली.

*तुम्ही.*

एदमेला वाटलं, हाही अपमानच. ती सायकलवर बसली आणि निघाली.

बाजारमंडपात क्लबाचा अध्यक्ष बाझिल शेवटची वही घेऊन बसला होता. पिवळ्या जर्सीतलं दुसरं कुणी आलं का, असं तिनं विचारलं. कुणीच आलं नव्हतं. वहीत तिची सही कुठेही नव्हती. तिनं पेन उचललं.

"थांबा," बाझिल म्हणाला. "नाव?"

"थट्टा पुरे झाली, बाझिल."

तो हसला नाही. परक्या माणसाशी वागावं तशा अदबीनं त्यानं वहीची पानं उलटली. "पाहुण्यांच्या सह्या आम्ही मागच्या पानावर घेतो, बाई."

एदमेनं पेन टेबलावर आपटलं आणि घरी गेली.

त्या रात्री तिचा राग कमी झाला नाही. तो तिला बरा वाटत होता, ओळखीचा. सकाळी तिनं स्वच्छ कपडे केले. काय बोलायचं ते मनाशी पक्कं केलं. फिरमँ शेवटी काय म्हणाला ते ती ऐकल्याशिवाय परतणार नव्हती. रेननं हवं तर रडावं, हवं तर दिवसभर घ्यावा, पण सांगावं तिला. तिच्या तोंडावर.

सोमवारी बेकरी बंद असते. ती मागच्या गल्लीतून गेली. खिडकी उघडी होती. आतून कॉफीचा वास येत होता आणि दोन बायकांचं हसणं. एक हसणं रेनचं. एदमेनं दार वाजवलं.

रेननं उघडलं. हसता हसता उठून आली होती. गाल लाल, डोळे स्वच्छ. दहा वर्षांनी लहान दिसत होती.

"कोण पाहिजे?"

"रेन," एदमे म्हणाली. "मला ते ऐकायचंय."

रेन तिच्याकडे सौजन्यानं पाहत राहिली. मग मागे वळली.

"एदमे, कुणी बाई आल्यात गं."

आत खुर्ची सरकली. फरशीवर दोन पावलं वाजली आणि थांबली.

"बसव त्यांना," आतून आवाज आला. "आलेच मी."

त्या आवाजात राग अजिबात नव्हता.

रेननं दाराजवळची खुर्ची ॲप्रननं पुसली आणि पुढे केली.