पश्चात्तापमापक

वाणी-नियमन मंडळाच्या प्रयोगशाळेत डॉ. सुलभा खानोलकरांनी सकाळची पहिली तक्रार उघडली आणि त्यांना शिसारी आली. मंदाकिनी ढोक या सरकारी परिचारिकेने लिहिलं होतं की बाळंतिणींच्या सलाईनमध्ये बुरशी तरंगते आहे. मंडळाच्या यंत्राने ते प्रसिद्ध होण्याआधीच अडवलं होतं. ती हे वॉर्डात बोलली म्हणून पुरवठादाराच्या माणसांनी तिला दिलेल्या गलिच्छ शिव्या मात्र बिनबोभाट प्रसिद्ध झाल्या होत्या.

यंत्र खानोलकरांचंच. कायद्याने कुणाचं बोलणं दाबता येत नव्हतं, पण स्वतःचं बोलणं स्वतः मागे घ्यायला बंदी नव्हती. लिहिणारा आठवड्याभरात मजकूर काढून टाकील असं भाकीत निघालं, की पश्चात्तापमापक तो आधीच थांबवायचा. खाई त्याला खवखवे, यावर बाईंचा भाबडा विश्वास होता.

"शिव्या देणाऱ्यांना खवखवत नाही का हो, मुजावर?"

"शिवी मागे घेतलेली पाहिलीय कधी, मॅडम?" सहकारी मुजावर म्हणाला. "यंत्र शिकलं काढून टाकलेल्या मजकुरांवर. आणि काढतं कोण? ज्याच्या दारात नोटीस येते तो."

"म्हणजे आपण भित्र्यांची तोंडं शिवतो आणि निर्लज्जांना मोकळं सोडतो."

"हट्टाची सोय आहे की," मुजावर म्हणाला.

अडवलेल्या मजकुराखाली अंगठा टेकवला, की लिहिणाऱ्याचा हट्ट नोंदला जायचा. असा हट्ट आजवर कुणीच सोडला नव्हता, म्हणून यंत्र तसा मजकूर जाऊ द्यायचं. ढोकबाई धजावल्या नव्हत्या. खानोलकरांनी तोच मजकूर स्वतःच्या नावाने लिहिला. पश्चात्तापाची शक्यता शहाण्णव टक्के. त्या तुच्छतेने हसल्या आणि अंगठा टेकवला.

तासाभरात मंडळाच्या सचिवांचा फोन आला. आवाज अगदी गोड होता. "मॅडम, तुमच्या चाळीस माणसांच्या नेमणुका सोमवारी माझ्या टेबलावर येताहेत. मुजावरांचीही आहे."

 मुजावरने खाली पाहिलं. खानोलकरांनी मजकूर काढून टाकला. त्यांना स्वतःची किळस आली, तरी बोट अडखळलं नाही.

दुपारी ढोकबाईंचा मजकूर पुन्हा आला. 'खानोलकर मॅडमचं वाचून धीर आला' असं वर लिहिलं होतं, आणि खाली अंगठा होता.

यंत्राने तो अडवला. हट्ट धरणारेही माघार घेतात, हे ते सकाळीच शिकलं होतं.