कमरेच्या वर्गाचे सर

उंद्रीच्या समाजमंदिरात अंगणवाडी सेविकांसाठी आरोग्यवर्ग भरला होता. लेकरं उचलून, दिवसभर वाकून सगळ्यांच्याच कमरा धरलेल्या. शिकवायला बुलढाण्याहून फिजिओथेरपिस्ट आला होता, धम्मरत्न. उंच, सावळा, अन् बोलता बोलता स्वतःच लाजणारा.

"डोळे मिटा... फक्त श्वासाकडे लक्ष द्या."

सगळ्यांनी मिटले. सारिकाने नाही.

"ताई, तुम्ही काऊन नाही मिटले?"

"सवय नाही, सर. मी डोळे मिटले की एखादं लेकरू रस्त्यावर पोचते."

बाया खळखळून हसल्या. वर्ग सुटल्यावर तो तिच्याजवळ आला. "खरंच?"

"येऊन पाहा ना!" ती सहज बोलून गेली.

अन् तो खरंच अंगणवाडीत आला! दुपारी खिचडी खाऊन लेकरं निजली होती. एक सारिकाच्या मांडीवर. तो खाली बसला, तर दुसरं त्याच्या मांडीवर चढून झोपलं.

"आता हलू नका," ती कुजबुजली.

"पायाला मुंग्या येऊन राह्यल्या..."

"मले रोजच येतात. याले कोणता व्यायाम हाय?"

तो गालात हसला. मग हळूच म्हणाला, "तुम्ही थकल्या का, असं कोण विचारते तुम्हाले?"

असं कोणी विचारलंच नव्हतं. या माणसाच्या मनात आणखी काय काय असेल?

मग तो येतच राहिला. गुडघे, पाठ, मान... कारणं संपत आली.

"ताई—"

"मले ताई नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

तिने मान फिरवली. "रविवारी नांदुऱ्याचे पाहुणे येऊन राह्यले. मले पाहाले."

त्याने जपून विचारलं, "मुलगा... कसा आहे?"

"काय माहीत. त्याच्याबद्दल काही विचारावंसंच वाटत नाही."

"अन् माझ्याबद्दल?"

"तुमच्याबद्दल... किती विचारू अन् किती नको, असं होते."

सारिकाने घरी त्याच्याबद्दल सांगून टाकलं. नांदुऱ्याला नकार गेला, अन् रविवारी धम्मरत्नच आईला घेऊन आला.

चहा झाला. त्याची आई म्हणाली, "तुले काही विचारायचं असेल तर विचार, बाई."

सारिकाने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "सेविका गावातलीच लागते. मी अंगणवाडी सोडणार नाही. तुम्ही उंद्रीत राहाल?"

त्याच्या आईची कपबशी हातातच राहिली. ती काही बोलायच्या आत तो म्हणाला, "हाव, राहीन."