शून्य विचलन

दिव्यांनी उभे केलेले पाणी गुडघ्यापर्यंत चढले आणि नेमके 'कुठं जाऊ रे' या वाक्याला ते कुमुद पेठकरांच्या अंगावरून सुटले. क्षणभर ते त्यांच्या शेजारी, हवेतल्या विरळ धुरावर, वाळत घातलेल्या लुगड्यासारखे लोंबकळले. मग मागच्या पडद्यावर जाऊन विस्कटले. धरणात बुडणाऱ्या गावातली शेवटची बाई, म्हणजे त्या वठवत असलेली रखमा, रंगमंचावर कोरडी ठणठणीत उभी होती.

"बघा, पाणीसुद्धा माझ्यापाशी थांबायला तयार नाही," कुमुदताई म्हणाल्या.

पहिल्या रांगेत बसलेले दिग्दर्शक श्रीरंग हुद्दार हसले नाहीत. "कालच्या प्रयोगाला लोक हसले, ताई. आई बुडते आहे आणि प्रेक्षागारात हशा. वरदा, हे आज सुटलं पाहिजे."

वरदा टिळेकर सोलापूरच्या शतदीप नाट्यगृहाची प्रकाश-अभियंता होती. सकाळपासून ती तिच्या शास्त्राने शिकवलेल्या एकाच पद्धतीने काम करीत होती: अदलाबदल. डावीकडचा अनुगामी, म्हणजे नटाबरोबर फिरणारा, दिवा काढून उजवीकडे लावायचा. दोष दिव्याबरोबर सरकला, तर दिवा सदोष. जागेवरच राहिला, तर दिवा निर्दोष आणि मागची जोडणी संशयित. तिने दिवे बदलले, प्रक्षेपक बदलले, संदेशवाहिन्या बदलल्या, संदेश उलटा परतू नये म्हणून वाहिनीच्या टोकाला असतो तो रोधकसुद्धा नवा बसवला. दोष हलला नाही. दुपारी तिने विद्यापीठातून फिरोज मुजावर यांना बोलावून घेतले. या दिव्यांना चालवणारे गणित त्यांचेच होते.

"मला नीट समजेल असं सांगा, डॉक्टर," हुद्दार म्हणाले. "तुमचे दिवे नटाच्या मागे जातात ना?"

"मागे नाही, पुढे," फिरोज म्हणाले. "हे दिवे जड आहेत. नट हलल्यावर दिवा हलायला लागला, तर तो कायम पाऊण सेकंद उशिरा पोहोचेल. म्हणून दिव्याला आधीच ओळखावं लागतं की पाऊण सेकंदानंतर नट कुठे असेल. ते काम पूर्वानुमानकाचं. तो प्रत्येक प्रयोगात नटाची चाल शिकत जातो. दिव्याने अंदाज केलेली जागा आणि नटाची खरी जागा यांच्यातलं जे अंतर, त्याला आम्ही विचलन म्हणतो. ते लहान असेल, तर पाणी अंगावर बसतं. मोठं झालं, की पाणी एकीकडे आणि माणूस दुसरीकडे."

"मग इतके प्रयोग होऊनही तो ताईंची चाल शिकला कसा नाही?"

फिरोजनी वरदाकडे पाहिले. "सगळं बदललंस म्हणतेस. माणसं बदलून पाहिलीस?"

वरदाला प्रश्न आवडला नाही, पण तो पद्धतीत बसत होता. रखमाच्या भूमिकेची पर्यायी नटी मृण्मयी विंगेतच होती. तिला रखमाच्या जागी उभे केले. पाणी तिच्या घोट्यांवरून गुडघ्यांवर, कमरेवर, छातीवर चढले आणि त्वचेसारखे चिकटून राहिले. मग कुमुदताईंना गावकऱ्यांच्या घोळक्यात, दुसऱ्या दिव्याखाली नेले. पाणी तिथेही त्यांच्यावरून निसटले.

काय सिद्ध झाले ते कुमुदताईंनाही कळले होते.

"तुम्ही 'कुठं जाऊ रे' म्हणता तेव्हा रोज वेगळ्या ठिकाणी असता, ताई," वरदा शक्य तितक्या मऊपणे म्हणाली. "कधी एक पाऊल, कधी दोन. कधी जागच्या हलतच नाही."

"नचिकेत कसा बघतो त्याच्यावर असतं ते. कधी तो चिडून बघतो, कधी त्याला माझी दया येते. दया आली की मला त्याच्याजवळ जाववत नाही." नचिकेत देवस्थळी नाटकात त्यांचा मुलगा होता. "आता हे दिव्याला कसं सांगायचं?"

"सांगता येत नाही," फिरोज म्हणाले.

हुद्दार उठून रंगमंचासमोर आले. वाद्यवृंदाच्या खोल खड्ड्यापलीकडून ते बोलत होते आणि त्यांचा आवाज अपराधी होता. "ताई, थोडे प्रयोग मृण्मयीला करू द्या. तुम्ही विश्रांती घ्या. तपासणी वगैरेही करून घ्या एकदा. या वयात तोल, स्मरण..."

"स्मरण ठीक आहे माझं," कुमुदताई म्हणाल्या. "रखमा मी उभी केली, श्रीरंग. संहितेत ती चार वाक्यं बोलून बुडायची. विसरलास का?" मग स्वर खाली आला. "काढू नकोस मला. मला दुसरं काही येत नाही."

"काढत नाही हो. थांबवतोय फक्त."

त्या विंगेत गेल्या. आपण दोष शोधला याचे वरदाला समाधान वाटायला हवे होते. ते वाटलेही, थोडेसे.

नंतरचे प्रयोग निर्दोष झाले. पाणी कोणाच्याही अंगावरून सुटले नाही. वरदाच्या नियंत्रण-फलकावरचे विचलनाचे आकडे एकेका नटापुढे उतरत गेले. मृण्मयीचा तर शून्यावर जाऊन टेकला, आणि पाठोपाठ नचिकेतचाही. प्रयोगानंतर लोक डोळे पुसत बाहेर पडत. गावोगावच्या नाट्यगृहांचे तंत्रज्ञ पाहायला येऊ लागले. वरदा त्यांना शून्य दाखवी.

मग एका रविवारी दुपारच्या प्रयोगात, पाणी छातीला लागलेले असताना, नचिकेत आईकडे पाठ करून पुढे निघाला आणि चालता चालता वाद्यवृंदाच्या खड्ड्यात पडला. प्रेक्षकांना तो बुडाला असेच वाटले. टाळ्या सुरू झाल्या आणि बराच वेळ थांबल्या नाहीत.

त्याच्या कण्याचे दोन मणके चिरडले होते. रुग्णालयात वरदा त्याच्या उशाशी उभी राहिली, तेव्हा तो छताकडे पाहत होता.

"कड दिसली नाही का रे?"

"पाण्याखाली कड कुठे दिसते, मॅडम? सगळीकडे पाणीच असतं. पुढे उजेड होता, म्हणून पाऊल टाकलं. आम्ही तसेच चालतो आता. पाऊल टाकायच्या आधी उजेड तिथे असतोच. आपण फक्त त्याच्यात जायचं. फार सोपं झालंय काम."

नाट्यगृहात परतल्यावर वरदाने पुन्हा अदलाबदल केली. दिवे, वाहिन्या, रोधक, सगळे बदलले. या वेळी तिच्या हाती काहीच लागले नाही, कारण एकही भाग इतरांहून वेगळा वागत नव्हता. शेवटी फिरोजनी एक साधी गोष्ट केली. नटमंडळींना बोलावून तोच प्रवेश पुन्हा पुन्हा करायला लावला आणि दर खेपेला प्रत्येकजण कुठे उभा राहतो, तिथे खडूची खूण केली. चौथ्या खेपेपर्यंत खुणांच्या ओळी झाल्या होत्या. सगळ्या ओळी खड्ड्याच्या दिशेने सरकत होत्या, एका खेपेला बोटभर.

नटांना घरी पाठवून दोघे त्या खुणांजवळ बसले.

"दिवे तापले की त्यांची मान किंचित पुढे झुकते," वरदा म्हणाली. "पण ही चूक पहिल्या दिवसापासून आहे. तेव्हा का नाही कोणी सरकलं?"

"कारण तेव्हा दिवा चुकला, तरी नट आपल्या जागी असायचा. दिव्याला विचलन दिसायचं आणि तो मागे यायचा. नट हे त्याचं माप होतं." फिरोज सावकाश बोलत होते. "आता दिवा चुकीच्या जागी जातो, नट त्याच जागी जातो. विचलन शून्य. दिवा म्हणतो, माझा अंदाज बरोबर होता, आणि ती चूक शिकून ठेवतो. पुढच्या वेळी तिच्यापुढे आणखी बोटभर. दिवा नटावर चालतो, नट दिव्यावर. खरी जागा कोणालाच ठाऊक नाही."

"म्हणजे शून्य हाच दोष होता."

"हो."

"पण नट एका दिवसात तर असे झाले नसतील. दिव्यामागे चालणं आधीपासूनच असणार. मग सरकायला एवढ्यातच का लागले?"

हे विचारतानाच वरदाला उत्तर कळले आणि ते उच्चारायला तिला वेळ लागला. नाटकात प्रत्येकजण रखमाशी बोलत असे. तिच्या डोळ्यांत पाहण्यासाठी त्यांना आपापल्या उजेडातून जरासे बाहेर यावे लागे, कारण रखमा उजेड बघून उभी राहत नव्हती. ती समोरच्या माणसाकडे बघून उभी राहत होती. तिच्यामुळे सगळ्यांच्या आकड्यांत थोडे थोडे विचलन राहत होते, आणि त्या विचलनावर दिवे रोज आपली चूक दुरुस्त करून घेत होते.

"अदलाबदलीत वेगळा भाग सापडतो," ती म्हणाली. "बिघडलेला सापडतो असं नाही. बाकी सगळेच बिघडले असतील, तर चांगला भाग तेवढा वेगळा दिसतो. आणि मी तोच काढून फेकला."

"मीच तुला माणसं बदलायला सांगितलं," फिरोज म्हणाले.

हुद्दारांनी सगळे ऐकून घेतले. दिवे जुन्या दिव्यांसारखे एका जागी स्थिर करता येतील का, असे त्यांनी विचारले. करता येतील, वरदा म्हणाली; पण मग पाणी नसेल, आणि लोक तर पाणी बघायला येतात. दुसरा उपाय होता. दिव्याला न मानणारे एक माणूस रंगमंचावर असले, तरी पुरे होते. हुद्दारांनी लगेच कुमुदताईंना फोन लावला.

कुमुदताई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. त्या वाळल्या होत्या, पण चेहऱ्यावर परीक्षेला बसणाऱ्या मुलीचा उत्साह होता. नचिकेतची चौकशी करताना त्यांचे डोळे भरले. ते पुसून त्या सरळ रंगमंचाच्या मध्यभागी गेल्या.

"ताई, तुम्ही पूर्वी करायचात तस्संच करा," वरदा म्हणाली. "दिव्याची काळजी करू नका."

"तू लाव तर."

वरदाने पाणी सोडले. ते कुमुदताईंच्या घोट्यांवर आले, गुडघ्यांवर आले. 'कुठं जाऊ रे' हे वाक्य आले. पाणी हलले नाही. कमरेवर, छातीवर, ते प्रत्येक चुणीसह त्यांच्या अंगावर बसत गेले. आवाज तोच होता, शब्द तेच होते. फलकावर त्यांच्या नावापुढचा आकडा उतरत उतरत शून्यावर आला.

वरदाने हुद्दारांकडे पाहिले.

"तालमीच्या खोलीत एक जुना अनुगामी दिवा होता," ते खालच्या आवाजात म्हणाले. "त्यांनीच सरावाला मागितला. रोज येत होत्या. मला वाटलं, मन रमेल."

वरदाने पूर्वानुमानक बंद केला आणि दिवा स्वतःच्या हाताने चालवायला घेतला. तिने तो एक पाऊल पुढे नेला, जिथे रखमाला जाण्याचे काहीच कारण नव्हते. वाक्य मध्येच न तोडता कुमुदताई एक पाऊल पुढे आल्या. तिने आणखी एक पाऊल नेला. त्या आल्या. समोर नचिकेतच्या जागी कोणी नव्हते, आणि त्या कोणाकडे पाहतही नव्हत्या. खडूच्या शेवटच्या खुणेपाशी वरदाचा हात थांबला. तिने प्रेक्षागारातले सगळे दिवे लावले.

पाणी नाहीसे झाले. कुमुदताई डोळ्यांवर आडवा हात धरून खड्ड्याच्या कडेशी उभ्या होत्या.

"मध्येच का थांबवलंस ग? पुन्हा चुकले का मी?"

"नाही, ताई."

"मग? किती आलं?"

"शून्य," वरदा म्हणाली.

कुमुदताईंनी हात खाली घेतला. "म्हणजे आता मला काढायचं काही कारण नाही," त्या हुद्दारांना म्हणाल्या आणि उत्तराची वाट पाहत तिथेच, उजेड जिथे शेवटचा पडला होता तिथे, उभ्या राहिल्या.