कुंडी हलणार नाही

बेल इतकी कडकडून वाजली की भव्याच्या हातातली झारी कलंडली आणि निम्मं पाणी तिच्याच पायांवर सांडलं.

दार उघडलं, तर समोर माणूस नाहीच! दिसलं ते एक पांढरंशुभ्र उपरणं, दोन हातांनी उंच ताणून धरलेलं... लग्नातला अंतरपाटच जणू. मधोमध चहासारखा तपकिरी डाग. आणि उपरण्याच्या वरच्या काठावरून डोकावणारे दोन डोळे – रागावलेले, पण राग फार वेळ धरायची सवय नसलेले.

"हे तुमचं काम काय?" उपरण्यामागून आवाज आला.

"माझं नाही. होयाचं."

"कोण होया? बोलवा की बाहेर त्यांना."

"ती बाहेर येत नाही. वीस वर्षं झाली, जागेवरून हललेली नाही."

उपरणं एकदम खाली आलं. कपाळावर बुक्का, अंगात झब्बा, आणि चेहऱ्यावरचा राग पार उतरलेला. "अरे देवा... आजारी आहेत काय त्या?"

भव्याला हसू आवरेना. तिनं बाल्कनीकडं बोट केलं. छताच्या कडीला टांगलेल्या मातीच्या कुंडीतून जाड, चकचकीत पानांची वेल खाली उतरली होती, आणि कुंडीच्या बुडाशी अजून एक तपकिरी थेंब लोंबत होता.

तो खालच्या मजल्यावर नुकताच राहायला आलेला गिरीराज. मूळचा निपाणीचा. नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत, आणि जीव मात्र कीर्तनात. आठवडाभर संगणकासमोर बसायचं आणि एकादशीला चिपळ्या घेऊन उभं राहायचं, असा त्याचा नेम.

"आज एकादशी," तो म्हणाला. "संध्याकाळी विठ्ठलाच्या देवळात माझं कीर्तन. उपरणं हे एकच, खाली वाळत घातलेलं. आता काय करायचं, तुम्हीच सांगा."

"धुऊन देते."

"वाळणार कधी?"

"मग डागासकट उभे राहा. देव काय डाग मोजतो? तो गळा ऐकतो."

गिरीराज तिच्याकडं बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "हे मी कीर्तनात वापरलं तर चालेल?"

"खुशाल वापरा. पण कुंडी हलणार नाही. सांगून ठेवते."

आणि त्यानं खरंच वापरलं! डागाचं उपरणं खांद्यावर घेऊन तो उभा राहिला, पूर्वरंगात निष्ठेचं निरूपण मांडलं आणि म्हणाला, "आमच्या डोक्यावर एक बाई राहतात. जग हललं तरी त्यांची कुंडी हलत नाही. एवढी निष्ठा आपली देवापायी असती, तर देवालाच आपल्या दारी यावं लागलं असतं." सगळं देऊळ हसलं. मागच्या खांबाशी बसलेल्या भव्याचे कान तापले – रागानं म्हणावं, तर ओठ कशाला हसत होते?

त्यानंतर तिनं कुंडीखाली ताटली बांधली. थेंब थांबले. गिरीराजचं येणं मात्र थांबलं नाही. कधी एकादशीच्या खिचडीची वाटी, कधी "मिक्सर मिळेल काय", कधी नुसतंच... "म्हटलं, होयाबाई कशा आहेत बघावं."

एका रविवारी तिनं त्याला वेलीवरचा एक बोटभर खुंट दाखवला. पान नाही, पालवी नाही, वाळल्या काडीसारखा. त्यानं मोडायला हात पुढं केला, तशी तिनं चटकन त्याचं मनगट धरलं.

"अय्यो, नको! फूल येतं ते दर वेळी ह्याच काडीवर. आणि कळ्या धरल्यावर कुंडी स्वल्पसुद्धा हलवायची नाही. रागावून कळ्या टाकते ती."

"केव्हा फुललेली शेवटची?"

"आई होती तेव्हा." भव्यानं दुसऱ्या हातानं एका पानावरची धूळ पुसली. "आईनं हिला लालबागेच्या रोपवाटिकेतून आणलं होतं. आई गेली, मागोमाग माझे वडील, अण्णा, गेले... तेव्हापासून ही नुसती जगते. पण जगते ना! तेवढं मला पुष्कळ आहे."

तिचा हात अजून त्याच्या मनगटावरच होता. दोघांच्या लक्षात आलं, आणि दोघांनीही तसं दाखवलं नाही.

भव्याची राजलक्ष्मीआत्या के. आर. पुरमला राहायची. दर महिन्याला मेट्रोनं यायची, ती नवं स्थळ पदरात बांधूनच. ह्या वेळचं स्थळ सिंगापूरचं होतं.

"मुलगा सोन्यासारखा आहे गं."

"माझी झाडं नेईल?"

"विमानात कुंड्या नेतात काय कुणी?"

"मग मीही जात नाही."

"त्या वेलीत धुगधुगी आहे तोवर तू काही बोहल्यावर चढत नाहीस!" आत्या कपाळाला हात लावून म्हणाली. आत्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ह्या घरात आईचं म्हणावं असं जिवंत आता तेवढंच उरलं होतं. ते सोडून ये म्हणणाऱ्याच्या मागं भव्या जाणार नव्हती.

असं असताना ऑफिसनं तिला पंधरा दिवसांसाठी हैदराबादला धाडलं. तिनं किल्ली गिरीराजच्या हातावर ठेवली. "माती कोरडी झाली तरच पाणी घाला. विसरलात तरी चालेल, लाड नकोत."

परत आली, तर तो तिच्या दारासमोर पायरीवर बसलेला. चेहरा उतरलेला.

"आधी माझं ऐका. मग आत जा."

"काय झालं?"

"आमच्यात देवाचं तीर्थ मोरीत ओतत नाहीत. पायदळी येऊ नये म्हणून झाडाच्या बुडाशी घालतात. गावाकडं अंगण आहे, इथं कुठलं अंगण? म्हटलं, तुमच्या आईचं झाड... त्याहून पवित्र जागा कुठली. म्हणून रोजचं पंचामृत..."

"पंचामृत?" भव्याच्या हातातली बॅग खाली पडली. "दूध, दही?"

"तूप, साखर... आणि मध. मध जरा जास्तच. तुमचं झाड म्हणून."

ती आत धावली. चकचकीत पानं पिवळी, सुरकुतलेली. कुंडीवर मुंग्यांची रांग, मातीला आंबूस वास.

"देवाला दूध-दही पचतं हो!" ती ओरडली. डोळे भरून आले होते, पण आवाज खाली येईना. "हिला नाही पचत! हिला कोरडं ठेवावं लागतं, उपाशी!"

"एकादशी..." तो पुटपुटला.

"हो, रोज एकादशी! जा तुम्ही."

तो जिन्यापर्यंत गेला... आणि परत आला. "शिव्या द्या, ऐकून घेतो. पण हिला वाचवायचं कसं, ते सांगा. हात माझे वापरा."

दुसऱ्या दिवशी आत्या आली. तिनं वेल बघितली, सुस्कारा टाकला. "गेलंच गं. वाईट वाटतं, पण सुटलीस म्हणायची. रविवारी सिंगापूरवाले बघायला येतात. नवं पातळ नेस."

"येऊ देत," भव्या म्हणाली. "मी काय नेसते ते बघायला मिळेल त्यांना."

रविवारी पाहुणे दिवाणखान्यात कॉफी पीत होते, तेव्हा नवरी बाल्कनीत उकिडवी बसली होती, जुना ड्रेस घालून, कोपरापर्यंत मातीत. गिरीराज समोर वेल तोलून धरून. कुजलेली मुळं काळी पडून हातात येत होती. एक फांदी मात्र हिरवी निघाली आणि तिच्यावर तो वाळका खुंट शाबूत होता. भव्यानं तेवढी फांदी हळुवार कापली.

"भव्या!" आत्यानं हाक मारली. "ये की बाहेर, लोक थांबलेत!"

भव्या तशीच उठली. दारात उभी राहून मातीचे हात जोडले. "नमस्कार. माझं झाड आजारी आहे, म्हणून बसता येत नाही. बरं झालं तरी त्याला सोडून मी कुठं येणार नाही. तुमचा मुलगा चांगला आहे, त्याला खोटं सांगून फसवणार नाही. कॉफी घ्या मात्र, आत्या फार छान करते."

पाहुणे गेले. आत्या रुसून मेट्रोला लागली. बाल्कनीत गिरीराज फांदी तशीच धरून बसलेला, हात अवघडून गेलेले.

"एवढं ठणकावून... भीती नाही वाटली?"

"वाटली की. म्हणून तर हात धुतले नाहीत."

त्यानं तिचा मातीचा हात हातात घेतला. मग फांदी त्यात ठेवली.

फांदी काथ्यात आणि कोळशाच्या चुऱ्यात रुजत घातली. मग सगळ्यात अवघड काम उरलं – काही न करण्याचं. गिरीराज रोज यायचा, हात मागं बांधून बघायचा, आणि जायचा. "नामस्मरण सोपं," तो म्हणायचा. "हे झारी न उचलणं फार कठीण." पहिलं नवं पान आलं तेव्हा त्यानं जिन्यातच टाळी वाजवून विठ्ठलाचा गजर केला. त्या दिवसापासून दोघं अहो-जाहो विसरली.

दोन पावसाळे गेले. उन्हाळ्याच्या तोंडी एका सकाळी त्या वाळक्या खुंटाच्या टोकाला मोहरीएवढ्या कळ्यांचा झुबका दिसला. भव्या कितीतरी वेळ नुसती बघत होती. गिरीराज मागं येऊन उभा राहिला.

"घरचे म्हणतात, लग्न कर. निपाणीला मुलगी बघायला ये."

"मग जा." तिनं वळूनही पाहिलं नाही.

"मी अट घातली. मुलगी वरच्या मजल्यावरची पाहिजे."

झुळूक आली. कळ्या हलल्या... भव्याचा श्वासही.

"ऐक," ती म्हणाली, "कळ्या आल्यात. कुंडी हलणार नाही. कुंडी नाही, तर मीही नाही. नवरीची पाठवणी, सासरचं माप ओलांडणं, त्यातलं काही होणार नाही. चालेल?"

"मी कुठं हलव म्हटलं? मीच येतो की. एक जिना तर चढायचा. माप तू इथं ठेव, मी ओलांडतो."

"सरी, चालेल," ती म्हणाली. एवढंच. पण म्हणताना तिला आईची आठवण आली, आणि आज पहिल्यांदा त्या आठवणीनं रडू आलं नाही.

आत्यानं ऐकलं आणि खुर्चीतच बसली. "घरजावई? लोक काय म्हणतील!"

"म्हणू द्या की अक्का," गिरीराज म्हणाला. "लोक माझं कीर्तन तासतासभर ऐकून घेतात, मी त्यांचं एवढं ऐकून घेतो. आणि घरजावई नको वाटत असेल, तर झाडजावई म्हणा."

आत्याला हसू फुटलं, आणि तिथंच होकार झाला.

लग्न त्याच घरात लागलं, बाल्कनीच्या दाराशी. होया फुलली होती. मेणानं घडवल्यासारख्या गुलाबी चांदण्यांचा घोस. अंतरपाट म्हणून भव्यानं हट्टानं तेच उपरणं धरायला लावलं, मधोमध तपकिरी डाग असलेलं. आत्यानं नाक मुरडलं आणि एक टोक स्वतःच धरलं. मंगलाष्टकं सुरू झाली. इतक्यात वरून टप्... एक थेंब उपरण्यावर पडला, बरोबर जुन्या डागाशेजारी.

"अगं, आत्तासुद्धा पाणी घातलंस काय?" आत्या पुटपुटली.

भव्यानं बोटानं थेंब टिपला, जिभेला लावला. "पाणी नाही आत्या. फुलातून गळतोय. मध आहे."

अंतरपाटाच्या वरच्या काठावरून ते दोन ओळखीचे डोळे डोकावले. "मध? मी घातलेला?"

"तूच घातलेला," भव्या म्हणाली. "पचला तिला एकदाचा."