लोखंडाचा पाठ

ही दोन माणसं तुम्ही तोडली. व्हय, तुम्हीच. निवड समितीच्या टेबलामागं बसून, बशीतली बिस्किटं खात तोडली. जात आडवी आली नव्हती, घरचे आडवे आले नव्हते. तुम्ही आलात. कसे, ते ऐका.

शिवप्रिया नळदुर्गच्या ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवायची. बारावीच्या प्रात्यक्षिकाला बाहेरचे परीक्षक म्हणून यायचे होते दुसरेच कुणी. ते आजारी पडले अन् तेर गावच्या कॉलेजातून कैवल्य आला. तोही तासिकेवरचाच. किडकिडीत, बाहीला खडू लागलेला. तोंडी परीक्षेत त्यानं असं काही विचारायला सुरुवात केली की पोरं रडकुंडीला आली.

"सर," शिवप्रिया म्हणाली, "त्यांना सोडा. मला विचारा."

त्यानं वर पाहिलं... आणि जरा जास्तच वेळ पाहिलं.

"युरेनियम फोडलं तर?"

"ऊर्जा सुटते."

"हायड्रोजन जोडला तर?"

"तरी सुटते. वजनाच्या मानानं लई जास्त. सूर्य त्याच्यावरच तर चाललाय."

"आणि लोखंड?"

"त्याचं केंद्रक लई घट्ट बांधलेलं. फोडायला जा, न्हाय तर जोडायला जा — पदरचीच ऊर्जा घालावी लागते." मग हळूच म्हणाली, "मी पण तसलीच हाय, सर. जपून."

"किती मार्क देऊ?"

"मार्क पोरांना द्या. मला चहा पाजा."

हायवेच्या ढाब्यावर चहा झाला. मग दर रविवारी होऊ लागला. शेजारून ट्रक गेला की टेबल थरथरायचं, अन् ग्लास सावरायला दोघांचे हात एकदमच पुढं व्हायचे.

पावसाळा लागला, पण कोरडाच. आभाळ भरून यायचं, अन् न बरसता हैदराबादकडं निघून जायचं. अशाच एका काळवंडलेल्या दुपारी किल्ल्याच्या तटावर कैवल्य म्हणाला, "दोन हलकी केंद्रकं एक झाली ना मॅडम, की थोडं वजन हरवतं. तेच उजेड होऊन बाहेर पडतं."

"हे मी शिकवते, सर."

"मग... आपण...?"

"वजन कुणाचं हरवायचं, ते आधी सांगा."

"दोघांचं. थोडं थोडं."

तिचा हात दगडावर त्याच्या हाताला लागून होता. तिनं तो काढला नाही.

तिच्या वडिलांनी, बंडप्पांनी, एवढंच म्हटलं, "पोरगं बरं हाय. दोघांतलं एक तरी नोकरीत पक्कं होऊ द्या. मग माझी ना न्हाय."

दोन्ही कॉलेजं तुमच्याच संस्थेची. तुम्ही दोन्हीकडच्या विज्ञान शाखा एक केल्या आणि पक्की जागा ठेवली एकच. दुसऱ्याच्या तासिकाही बंद. त्या जागेसाठी दोघांना धाराशिवला बोलावलंत, नमुना पाठ द्यायला. विषयही तुमचाच, अणुऊर्जा.

आदल्या रविवारी शिवप्रियानं बजावलं होतं, "कुणीबी लागलं तरी लग्न होतंय. म्हणून पाठ खरा द्यायचा. मला जिंकू द्यायचं न्हाय. कळलं?"

"तुमचं शिकवणं सुटलेलं मला बघवणार न्हाय."

"कळलं का, ते सांगा."

"...कळलं."

आधी तिचा पाठ झाला. नेटका झाला. मग ती बाहेर बाकावर बसली. दार उघडंच होतं. कैवल्यनं युरेनियम छान फोडलं, हायड्रोजन छान जोडला. मग थांबला. अन् म्हणाला, "आणि लोखंड... लोखंड फोडलं, तर सगळ्यात जास्त ऊर्जा मिळते."

शिवप्रिया बाकावरून ताडकन उठली. बारावीचं पोरगंही असं बोलणार नाही. त्यानं ती जागा उचलून तिच्या पदरात टाकली होती.

पण तुम्ही माना डोलावल्या. नेमणूक दिली कैवल्यला. "सरांचा आवाज खणखणीत आहे," तुम्ही म्हणालात, "आणि मॅडम, तुम्ही काय, लग्न होऊन जाल."

व्हरांड्यात त्याचा चेहरा उतरला होता. "आत जातो. मुद्दाम चुकलो म्हणून सांगतो."

"जागाच रद्द करतील. मग कुणालाच न्हाय."

"मग लग्न तरी..."

"तुम्ही खरं शिकवून मला हरवलं असतं, तर तुमच्या पगाराची भाकरी मी खुशाल खाल्ली असती." तिचा आवाज फाटला. "तू मला कमी समजलास, कैवल्य." नावानं तिनं त्याला पहिल्यांदाच हाक मारली होती.

"जीव हाय तुमच्यावर, म्हणून..."

"माझाबी हाय. तोच तर घोर हाय."

ती एकटीच नळदुर्गच्या बसमध्ये चढली. खिडकीतून तिनं मागं पाहिलं नाही. डोळे पुसत होती, म्हणून पाहिलं नाही.

आता तुम्ही बोला. लोखंड फोडून ऊर्जा मिळते, हे ऐकताना तुमच्यातल्या एकाला तरी ठाऊक होतं का, की हे खोटं आहे? ठाऊक नव्हतं, तर त्या खुर्चीवर बसलात कशाला? आणि ठाऊक होतं, तर मग जागा तिला का नाही? सांगा.